नजरेच्या टप्प्यातला पट्टा : ठाणे-कल्याण परिसरातील सीट बेल्ट आणि बालआसनांचा आढावा

मोटारीतील सीट बेल्टचा प्रश्न आपल्याकडे सहसा 'किती टक्के लोक पट्टा लावतात' एवढाच विचारला जातो आणि एखादा आकडा हाती आला की चर्चा संपते. हाच प्रश्न मोटारीतल्या कोणत्या जागेवर, कोणत्या रस्त्यावर आणि कोणाच्या देखत पट्टा लावला जातो असा फोडून विचारला, तर त्या एका आकड्याच्या पोटात चालकाचा, मागे बसणाऱ्या प्रौढांचा आणि लहान मुलांचा असे तीन निरनिराळे इतिहास दडलेले दिसतात. चालकाच्या पट्ट्याने गेल्या तीन दशकांत बरीच मजल मारली आहे, मागच्या सीटवरचा पट्टा आत्ता कुठे जागचा हलू लागला आहे, आणि मुलांच्या मापाचे संरक्षक आसन, ज्याला दुकानात 'कार सीट' किंवा 'चाइल्ड सीट' म्हणतात आणि या लेखात 'बालआसन' म्हटले आहे, ते बहुसंख्य घरांच्या खरेदीच्या यादीतसुद्धा अजून शिरलेले नाही. हे तिन्ही इतिहास एकत्र पाहण्यासाठी ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीचा परिसर सोयीचा आहे, कारण इथली रोजची नोकरी लोकलवर चालते, शाळा रिक्षावर आणि व्हॅनवर चालते, मोटार मात्र बऱ्याच घरांत शनिवार-रविवारी आणि सणावारी भरून बाहेर पडते.

ठाण्यातील टेंभी नाक्यावरून जाणाऱ्या मोटारीचा वेग गर्दीच्या वेळी क्वचितच ताशी २० किलोमीटरच्या वर जातो. एका अंगाला जांभळी नाक्याची बाजारपेठ आणि स्थानकाकडची गर्दी, दुसऱ्या अंगाला कोर्ट नाका, जवळच तलावपाळी, आणि नवरात्रात तर देवीच्या मंडपामुळे वाहतूकच वळवावी लागते. अशा रस्त्यावर पट्टा लावणे अनेकांना उगाचचा सोपस्कार वाटतो. या वाटण्यात अगदीच तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. धावत्या मोटारीची धडक किती जोराची हे पडण्याच्या उंचीत मोजता येते : ताशी २० किलोमीटरने जाणारी मोटार भिंतीवर आदळली, तर आत मोकळ्या बसलेल्या माणसाचा वेग सुमारे दीड मीटर उंचीवरून पडणाऱ्या माणसाइतका असतो. परंतु वेग दुप्पट झाला की ही उंची चौपट होते, आणि नाक्याच्या हिशेबाला तिथेच तडा जातो. ताशी ५० किलोमीटरला ती १० मीटरच्या जवळ, म्हणजे साधारण तीन मजल्यांएवढी भरते, ८० ला २५ मीटर, आणि १२० ला ५६ मीटरांहून अधिक, म्हणजे घोडबंदर रस्त्यावरच्या अठरा-एकोणीस मजली इमारतीच्या गच्चीएवढी होते. टेंभी नाक्यावरून निघालेली मोटार थोड्याच वेळात माजिवड्याला पोचते आणि तिथून घोडबंदर, नाशिक किंवा भिवंडीच्या दिशेला लागते. पट्टा लावायचा की नाही याचा निर्णय मात्र बहुधा घरातून निघताना, म्हणजे वीसच्या वेगाच्या हिशेबाने, झालेला असतो.

पट्ट्याचे काम माणसाला सीटला बांधून ठेवणे एवढेच असते, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. वस्तुतः पट्टा शरीराला थांबायला अधिक वेळ मिळवून देतो आणि थांबवण्याचा जोर शरीराच्या भक्कम हाडांवर, म्हणजे कमरेच्या हाडावर, छातीच्या पिंजऱ्यावर आणि खांद्यावर वाटून देतो. कमरेवरून जाणारा भाग पोटावर चढला, तर हाच जोर यकृत आणि आतड्यांवर येतो, आणि म्हणूनच पट्टा लावला आहे की नाही याइतकेच तो कुठून गेला आहे हेही महत्त्वाचे ठरते. मागच्या सीटवरचा मोकळा प्रवासी स्वतः तर जखमी होतोच, शिवाय आपल्या वजनाने पुढच्या सीटची पाठ चेपून पुढच्या माणसालाही दुखापत करतो, त्यामुळे पुढच्यांनी लावलेल्या पट्ट्याचे संरक्षणही काही अंशी वाया जाते. एअरबॅग असली की पट्ट्याची गरज उरत नाही, ही समजूतही तितकीच चुकीची आहे, कारण ती पिशवी पट्टा लावलेला देह गृहीत धरून क्षणार्धात फुगते आणि मोकळा देह तिच्यावर अवेळी जाऊन आदळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मांडणीनुसार पुढच्या सीटवरच्यांच्या मृत्यूचा धोका पट्ट्यामुळे जवळपास निम्म्याने कमी होतो. मागच्यांच्या बाबतीत मृत्यू आणि गंभीर दुखापत यांतील घट २५ टक्क्यांपर्यंत सांगितली जाते.

आज सर्वत्र दिसणारा तीन टोकांचा पट्टा, म्हणजे कमरेवरून आणि छातीवरून तिरपा जाऊन एकाच खाचेत अडकणारा पट्टा, १९५९ साली नील्स बोलिन या अभियंत्याने स्वीडनच्या व्होल्वो कंपनीत सिद्ध केला आणि कंपनीने त्याचे स्वामित्व इतर उत्पादकांनाही मोकळे ठेवले. पट्टा असणे आणि तो लावणे या दोन गोष्टींमधले अंतर कायद्याने भरून काढण्याचा पहिला प्रयत्न ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर १९७० मध्ये केला. ब्रिटनमध्ये ३१ जानेवारी १९८३ पासून पुढच्या सीटवर पट्टा सक्तीचा झाला आणि वापर सुमारे ४० टक्क्यांवरून पाहता पाहता ९० टक्क्यांच्या पुढे गेला; मागच्या सीटवरच्या मुलांसाठी हीच सक्ती १९८९ साली आणि प्रौढांसाठी १९९१ साली आली. ज्या देशाचे उदाहरण नेहमी दिले जाते, त्या देशातही मोटारीच्या पुढच्या भागातून मागच्या भागात पोचायला कायद्याला आठ वर्षे लागली, ही गोष्ट आपल्याकडच्या विलंबाकडे पाहताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सक्तीला वैचारिक विरोधही झाला. सुरक्षित वाटू लागलेला चालक अधिक बेफाम चालवतो आणि धोका पादचाऱ्यांच्या गळ्यात घालतो, असे जॉन अ‍ॅडम्स आणि सॅम पेल्ट्झमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडले. चालकाच्या बाबतीत या युक्तिवादावर वाद घालता येतो, परंतु मागच्या सीटवर बसलेल्या आजीला किंवा तीन वर्षांच्या नातवाला तो लागूच होत नाही, कारण त्यांच्या हाती स्टिअरिंगच नसते.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या नियम १२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे १९९४ पासून नव्या मोटारींच्या पुढच्या दोन जागांना पट्टे बसवणे उत्पादकांवर बंधनकारक झाले. मोटारसायकली आणि लहान इंजिनाच्या तीनचाकी त्यातून वगळल्या गेल्या, म्हणून रिक्षात पट्टा नसणे बेकायदेशीर नाही. नियम १३८ च्या तिसऱ्या पोटनियमानुसार चालकाने, त्याच्या शेजारच्याने आणि पुढे तोंड करून मागच्या सीटवर बसणाऱ्यांनीही पट्टा लावणे आवश्यक आहे. मागच्या सीटची सक्ती २०२२ साली नव्याने आली असा जो समज पसरला, तो या पोटनियमामुळे खोटा ठरतो. कायदा जुनाच होता, त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. जुन्या कलम १७७ खाली पहिल्या गुन्ह्याला १०० रुपयांपर्यंत दंड होता. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ ने स्वतंत्र कलम १९४-ब आणून तो १००० रुपये केला आणि १ सप्टेंबर २०१९ पासून तो अमलात आणला. महाराष्ट्र शासनाने वाढीव दंडाला आधी हरकत घेतली आणि राज्यात नवी व्यवस्था डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाली. या कलमाची एक बाजू फारशी चर्चिली गेलेली नाही : पट्टा न लावणाऱ्या प्रवाशाचा दंड प्रवाशावर पडत नाही, त्याला घेऊन जाणाऱ्या चालकावर पडतो. घरच्या मोटारीत याने फरक पडत नाही. ठाणे स्थानकाबाहेरून अ‍ॅपवर मागवलेल्या टॅक्सीत मात्र गिऱ्हाइकाला 'साहेब, मागचा बेल्ट लावा' असे सांगण्याचे धाडस ज्या चालकाने करायचे, त्याचे उत्पन्न त्याच गिऱ्हाइकाने दिलेल्या ताऱ्यांवर अवलंबून असते.

आकड्यांकडे वळण्यापूर्वी त्यांची जात ओळखणे आवश्यक आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी महाराष्ट्रातील मृत्यू १५,२२४ होते. याच वर्षी सीट बेल्ट न लावलेल्या मृतांची संख्या १६,७१५ नोंदली गेली. त्यांत चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१ होते. २०१९ साली हा एकूण आकडा २०,८८५ होता, टाळेबंदीच्या २०२० साली तो १५,१४६ वर आला आणि २०२१ साली १६,३९७ झाला. २०१९ च्या तुलनेतील या घटीवरून पट्ट्याचा वापर वाढला असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, परंतु हे आकडे 'पट्टा नसल्यामुळे मेले' असे सांगत नाहीत, 'मेले तेव्हा पट्टा नव्हता' एवढेच सांगतात. शिवाय पट्टा होता की नव्हता ही नोंद मदतीला धावलेल्या लोकांनी जखमींना बाहेर काढून झाल्यावर पोहोचलेला पोलीस कर्मचारी करतो. प्रश्नाचे प्रमाणही दृष्टीआड होऊ नये. २०२२ च्या मृतांत दुचाकीवरचे ४४.५ टक्के आणि पादचारी १९.५ टक्के होते, तर मोटारी, टॅक्सी, व्हॅन आणि हलक्या वाहनांतले १२.५ टक्क्यांच्या आसपास. कल्याणच्या पत्रीपुलावर किंवा शिळफाट्यावर उभे राहून पाहणाऱ्याला हे प्रमाण आकड्यांशिवायही कळते. पट्ट्याचा विचार हा रस्तेसुरक्षेच्या एका लहान, पण झपाट्याने वाढणाऱ्या कोपऱ्याचा विचार आहे, कारण दुचाकीवरून मोटारीकडे जाणारी कुटुंबे दरवर्षी वाढत आहेत आणि ती दुचाकीवरच्या सवयी सोबत घेऊन मोटारीत बसत आहेत.

वापराविषयीची सर्वेक्षणे दोन प्रकारची असतात : लोकांना विचारून केलेली आणि रस्त्यावर उभे राहून मोजलेली. मारुती सुझुकी कंपनीने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या, सतरा शहरांतील पाहणीत नियमितपणे पट्टा लावणारे सुमारे २५ टक्के आणि मागच्या सीटवर लावणारे अवघे ४ टक्के आढळले. सेव्हलाइफ फाउंडेशन आणि निस्सान यांच्या २०१९ च्या अभ्यासात मागचा पट्टा लावतो असे सांगणारे ७ टक्के होते आणि तो कायद्याने आवश्यक आहे हे माहीत असणारे २७.७ टक्के. विचारून मिळालेले उत्तर नेहमी थोडे चढे असते, कारण प्रश्न विचारणाऱ्यासमोर माणूस आपली सवय सांगत नाही, आपले मत सांगतो. मोजून काढलेल्या आकड्यांची अडचण वेगळी आहे. मुंबईत २०१५ पासून ब्लूमबर्ग फिलँथ्रॉपीजच्या रस्तेसुरक्षा उपक्रमात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी जी निरीक्षणे चालवली, त्या पद्धतीत निरीक्षक ठरावीक चौकांत उभा राहून प्रत्येक वाहनातील पुढच्या-मागच्या जागा, प्रौढ-मूल आणि पट्टा यांची नोंद करतो. ही पद्धत विश्वासार्ह आहे, पण ती मुळात शहरातल्या चौकांची पद्धत आहे, आणि शहरातल्या चौकात कामाच्या दिवशी भेटणारी मोटार बहुधा एकट्या चालकाची असते. ठाण्याच्या मोटारींचे खरे भरलेपण शनिवारी सकाळी खारेगावला, कसाऱ्याच्या चढणीला किंवा गणपतीच्या आदल्या रात्री कोकणच्या वाटेवर दिसते. पुढे दोघे, मागे आजी, आई, दोन मुले आणि पायाशी मोदकांचा डबा. पट्ट्याविना बसलेल्या माणसांची संख्या आणि मोटारीचा वेग ही दोन्ही टोके ज्या दिवशी एकत्र येतात, तोच दिवस सर्वेक्षणाच्या जाळ्यातून सुटतो. मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवरचा हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाल्यापासून आनंदनगरच्या नाक्यावर मोटारींना थांबण्याचे कारण उरले नाही आणि आत डोकावण्याची एक आयती जागाही गेली.

डोकावण्याचा हा मुद्दा वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडच्या वापराचा सगळा आलेख कोणाची नजर कुठवर पोचते यावर उभा असल्याचे दिसते. बोलीभाषेत वाहतूक पोलिसाला 'मामा' म्हणतात, आणि 'पुढे मामा आहे' हे वाक्य ऐकताच तीन हात नाक्याच्या किंवा कॅडबरी जंक्शनच्या अलीकडे पट्टा खांद्यावरून ओढून हाताने नुसता धरून ठेवण्याची आणि चौक ओलांडताच सोडून देण्याची पद्धत अनेकांना परिचित आहे. मामाची नजर पुढच्या काचेतून आत जाते, तिला चालक दिसतो, शेजारचा दिसतो. मागची सीट अंधारात राहते, आणि मूल दिसले तरी ते आईच्या मांडीवर सुखरूप बसलेले दिसते. ई-चलानच्या कॅमेऱ्याने या नजरेला थकवा राहू दिला नाही, पण तिचा कोन बदलला नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून सुरू झालेली बुद्धिमान वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा पट्टा न लावलेल्यांना टिपते, पण तिचेही लक्ष्य प्रामुख्याने पुढचीच काच आहे. याचा परिणाम असा झाला की चालकांमध्ये पट्टा अपघाताविरुद्धचे साधन म्हणून न रुजता पावतीविरुद्धचे साधन म्हणून रुजला. तसा तो रुजला म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण ब्रिटनमध्येही सवयीच्या आधी सक्तीच आली होती. अडचण एवढीच की भीतीतून आलेली सवय नजर संपते तिथे संपते.

नजर चुकवण्याचा उद्योगही यातूनच उभा राहिला. पट्टा न लावल्यास वाजणारा इशारा बंद पाडण्यासाठी पट्ट्याच्या खाचेत नुसते धातूचे जिभलीवजा तुकडे अडकवले जातात. ते मोटारींच्या सजावटीच्या दुकानांत मिळत आणि ऑनलाइनही सर्रास विकले जात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन विक्री मंचांविरुद्ध आदेश काढले तेव्हा अशा वस्तूंच्या १३,११८ नोंदी तिथून हटवल्या गेल्या. या तुकड्यांचे चलन सामान्यांपुरते नव्हते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर कार्यक्रमात सांगितले होते की चार मुख्यमंत्र्यांच्या मोटारींत पुढच्या सीटवर बसताना त्यांना असेच तुकडे बसवलेले आढळले.

महाराष्ट्रात मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा दोन मृत्यूंनी घडवली. ३ जून २०१४ रोजी केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला दिल्लीत दुसऱ्या वाहनाची धडक बसली. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. तत्कालीन आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी मागचा पट्टा लावला असता तर ते वाचले असते, अशा आशयाचे मत मांडले. बाजूने बसलेल्या धडकेत पट्ट्याचा उपयोग समोरच्या धडकेइतका होत नाही, ही तांत्रिक सूक्ष्मता त्या शोकात बाजूला राहिली आणि चर्चा काही आठवड्यांत विरली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला तो मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर. हा भाग १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता आणि घोडबंदरहून निघणाऱ्या ठाणेकरांच्या नेहमीच्या वाटेवर आहे. मोटार महागडी होती, तिच्यात आधुनिक सुरक्षा-साधने होती. पुढचे दोघे वाचले आणि मागे पट्ट्याविना बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी असे दोघे गेले. एकाच मोटारीतल्या, एकाच धडकेतल्या चार माणसांचे हे दोन भाग इतके स्पष्ट होते की त्याला वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज उरली नाही. टेंभी नाक्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या शिवसेना नेते आनंद दिघे यांचा २६ ऑगस्ट २००१ रोजीचा मृत्यूही मोटार अपघातातील जखमेवर उपचार चालू असतानाच झाला होता; त्याची स्मृती नाक्यावर जिवंत आहे, मात्र ती नेत्याच्या वियोगाची स्मृती आहे, रस्तेसुरक्षेची नव्हे.

मिस्त्री यांच्या अपघातानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून शहरात मोटारीतल्या सर्वांना पट्टा आवश्यक असल्याचे जाहीर केले, ज्या वाहनांत मागे पट्टे नव्हते त्यांना ते बसवून घेण्यास सांगितले आणि सुरुवातीचे दहा दिवस समज देऊन नंतर कारवाई करण्याचे ठरवले. हा आदेश मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीचा होता, आणि ती हद्द मुलुंडला संपते. तिथून पुढे ठाणे पोलीस आयुक्तालय सुरू होते, जे भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरपर्यंत पसरलेले आहे. नियम १३८ दोन्हीकडे सारखाच असला, तरी वृत्तपत्रांतला गाजावाजा 'मुंबईत सक्ती' या शब्दांत झाल्यामुळे सक्ती मुलुंडपर्यंतचीच आहे असा समज दृढ होण्यास मदतच झाली.

मागच्या सीटवर पट्टा न लावण्यामागे आळसाखेरीज काही खोलवरच्या गोष्टी आहेत. आपल्याकडे मागची सीट ही मानाची जागा आहे. साहेब मागे बसतात, वडीलधारी मागे बसतात, नवरी मागे बसते, आणि जिथे मान आहे तिथे बांधून घेणे हे कमीपणाचे वाटते. नवी मोटार आली की नारळ फुटतो, लिंबू-मिरची बांधली जाते आणि लगोलग सीटना कव्हरे शिवली जातात. त्या कव्हरांखाली मागच्या पट्ट्यांच्या खाचा गडप होतात आणि पुढची दहा वर्षे कोणाच्या हाताला लागत नाहीत. टॅक्सीत तर हे फार दिसते. शिवाय मोटार पाच जणांची असली तरी आपले कुटुंब पाचात मावतेच असे नाही. 'सरकून घ्या, होईल' या वाक्याने चौथा माणूस मागे बसवला की तीन पट्टे चौघांत कोणी लावायचे हा प्रश्नच निकालात निघतो. ज्या गावांत शेअर रिक्षात चालकाच्या शेजारी चौथी सीट घेणे ही रोजची रीत आहे, त्या कल्याण-डोंबिवलीत मोटारीत दाटीने बसणे कोणाला खटकत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत हा प्रश्न संख्येचा न राहता समजुतीचा होतो. सव्वा-दीड वर्षाच्या, सुमारे १२ किलो वजनाच्या बाळाला आईने मांडीवर घट्ट धरले आहे आणि ताशी ५० किलोमीटरने जाणारी मोटार एक दशांश सेकंदात थांबली असे मानले, तर त्या क्षणी बाळाला धरून ठेवण्यासाठी सुमारे १७० किलोचे ओझे पेलण्याइतकी ताकद लागते. जगातल्या कोणत्याही आईच्या हातात ती नसते. आईनेही पट्टा लावलेला नसेल तर बाळ तिच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये सापडते, आणि दोघांना मिळून एकच पट्टा लावला तर आईच्या वजनाने तो बाळाच्या पोटात रुततो. म्हणून मूल वाढते तसे त्याचे आसन बदलावे लागते. तान्ह्याचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असल्यामुळे त्याला मोटारीच्या मागच्या दिशेला तोंड करून बसवतात, म्हणजे धडकेचा जोर सबंध पाठीवर पसरतो. युरोपातील नव्या मानकानुसार हे किमान पंधरा महिन्यांपर्यंत चालू ठेवायचे असते. त्यानंतर पुढे तोंड असलेले, स्वतःचे पट्टे असलेले आसन येते, आणि त्याहून मोठ्या मुलाला 'बूस्टर', म्हणजे मोटारीचा नेहमीचा पट्टा मानेवर किंवा पोटावर न जाता खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर बसावा म्हणून उंची देणारी बैठक. ब्रिटनमध्ये मूल १२ वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचे होईपर्यंत ही साधने वापरावी लागतात. अमेरिकेतील अभ्यासांनुसार योग्य बालआसनामुळे एक वर्षाखालील बाळांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी घटतो.

भारतीय कायद्याने या बाबतीत पाऊल टाकले, पण ते मध्येच थांबले. कलम १९४-ब च्या दुसऱ्या पोटकलमानुसार चौदा वर्षांखालील मूल 'सीट बेल्टने किंवा बालआसनाने' सुरक्षित केलेले नसेल तर १००० रुपये दंड आहे. या 'किंवा'ने बरेच काही मोकळे सोडले आहे, कारण चार वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावला की कायद्याचे शब्द पुरे होतात, मग तो पट्टा गळ्यावरून गेला तरी चालतो. बालआसनांसाठी एआयएस-०७२ हे भारतीय मानक आहे, पण कोणत्या उंचीला किंवा वजनाला कोणते आसन, हे ठरवणारी सक्ती पालकांवर नाही. मांडीचा मोह केवळ आपलाच नाही, हेही नोंदवले पाहिजे : बालआसनाचा जगातला पहिला सक्तीचा कायदा अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९७८ साली आला तेव्हा पालकाने मूल हातात धरलेले असल्यास सूट, अशी पळवाट त्यात ठेवलेली होती, आणि बालरोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर १९८१ साली ती काढावी लागली.

या विषयात ठाणे-डोंबिवलीच्या मध्यमवर्गात एक विलक्षण विसंगती दिसते. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला किंवा इंग्लंडला गेलेले आजी-आजोबा तिथे पाहतात की रुग्णालयातून घरी नेतानाच बाळ बालआसनात बांधले जाते आणि ते कितीही रडले तरी चालत्या मोटारीत कोणी उचलून घेत नाही. काहींना हा निष्ठुरपणा वाटतो, पण ते तो पाळतात. हेच नातवंड सुट्टीत भारतात आले की विमानतळावरून ठाण्यापर्यंतच्या प्रवासात त्याच आजीच्या मांडीवर असते, कारण बोलावलेल्या टॅक्सीत बालआसन नसते आणि 'आपल्याकडे कुठे एवढा स्पीड असतो' ही समजूत तयार असते. आसनाची किंमत हे कारण नेहमी दिले जाते आणि ते पूर्णपणे खोटे नाही, कारण दोन-तीन वर्षांत लहान पडणाऱ्या वस्तूवर काही हजार रुपये घालणे अनेकांना जड जाते. परंतु ज्या घराने मोटारीवर लाखो रुपये आणि तिच्या संगीतयंत्रणेवर वेगळे पैसे घातलेले असतात, तिथे हे कारण लंगडे पडते. अधिक खरी अडचण जागेची आहे. एक बालआसन बसवले की मागची एक जागा कायमची जाते, आणि ज्या कुटुंबात आजी-आजोबा, आत्या किंवा शेजारची मंडळी सोबत येणे हेच मोटार असण्याचे सुख आहे, तिथे ती जागा मुलाच्या नावावर करणे हे सुखावरच अतिक्रमण वाटते. बालरोगतज्ज्ञ लसीचा तक्ता देतात तसा मोटारीतल्या आसनाचा विषय पहिल्याच भेटीत निघाला, तर ही समजूत ज्या वेगाने बदलेल त्या वेगाने ती दंडाने बदलणार नाही, असे मानायला जागा आहे.

मोटारीबाहेरच्या मुलांचा उल्लेख येथे टाळता येत नाही, कारण या परिसरातली बहुसंख्य मुले मोटारीतून फिरतच नाहीत. २०२२ साली रस्ते अपघातांत अठरा वर्षांखालील ९,५२८ मुले दगावली आणि त्यांत पायी चालणारी व दुचाकीवरचीही होती. स्कूटरच्या पुढे, पाय ठेवायच्या जागेत उभे राहून वारा खाणारे मूल हे ठाण्याच्या सकाळचे नेहमीचे दृश्य आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाच्या शरीराला जोडलेला सुरक्षा-पट्टा आणि हेल्मेट आवश्यक आहे, तसेच वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवायचा आहे. हा नियम बालआसनाच्या तरतुदीपेक्षाही अधिक नेमका आहे आणि बहुधा तिच्यापेक्षाही कमी पाळला जातो. रिक्षाकाकांच्या रिक्षात दप्तरे बाहेर लटकवून बसलेल्या मुलांसाठी तर पट्ट्याची भाषाच अपुरी आहे.

रस्ते मात्र थांबलेले नाहीत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि आमणे भिवंडी तालुक्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच आहे. ज्या रस्त्यावर सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, त्याचे तोंड आता टेंभी नाक्यापासून फार लांब राहिलेले नाही. शिर्डीला पहाटे निघून दुपारच्या आरतीला पोचणारे कुटुंब वीसच्या वेगाची सवय घेऊन अठरा मजल्यांच्या उंचीवर जाते.

यापुढची नजर यंत्राची असेल, असे धोरणाच्या दिशेवरून दिसते. एआयएस-१४५ या मानकाने १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालक आणि त्याच्या शेजारच्यासाठी पट्ट्याचा इशारा सक्तीचा केला, त्यानंतर पुढच्या दोन्ही एअरबॅगा सक्तीच्या झाल्या, आणि मिस्त्री यांच्या अपघातानंतर दोन आठवड्यांच्या आसपास मागच्या सीटच्या इशाऱ्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. भारत एनकॅप, म्हणजे मोटारींना धडकवून तारे देणारी देशी चाचणी, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिच्यात अठरा महिन्यांच्या आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे बालआसनात बसवून त्यांचे गुण मोठ्यांच्या गुणांपासून वेगळे मांडले जातात, आणि त्यामुळे बालआसन थेट मोटारीच्या सांगाड्याला अडकवणाऱ्या 'आयसोफिक्स' कड्या आता मध्यम किमतीच्या मोटारींच्या जाहिरातींतही झळकू लागल्या आहेत. मोटारीचे पाच तारे पाहून ती घेणाऱ्या पालकांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात येते की मुलांच्या वाट्याचे तारे बालआसनातल्या पुतळ्याला मिळालेले असतात, मांडीवरच्या पुतळ्याला नव्हे. इशारा देणाऱ्या यंत्राचेही तसेच आहे : त्याला सीटवरचे वजन किंवा खाचेत अडकलेली जिभली कळते, आणि आईने पट्टा लावला की ते समाधानाने गप्प बसते, कारण तिच्या मांडीवर आणखी कोणी आहे हे त्याच्या हिशेबातच नसते.